कच्च्या टाक्याचा निळा फ्रॉक

आमच्या गावात फुकट आलेल्या वस्तूकडं लोक आधी लांबून बघतात, मग काठीनं ढोसतात आणि मगच हात लावतात. जामखेडच्या पुढं, जिथं पाऊससुद्धा दहा वेळा विचार करून पडतो, तिथलं हे गाव. त्यामुळं त्या जूनमध्ये शाळेच्या दारात टेम्पो थांबला आणि त्यातून आकाशी आणि गडद निळ्या कापडाचे तागे उतरले, तेव्हा अर्धं गाव गोळा झालं, पण पुढं कुणी आलं नाही. तागे किती होते म्हणाल, तर उलगडून टाकले असते तर नगरपर्यंतचा रस्ता झाकला गेला असता आणि उरलेल्यात एसटी स्टँडला पडदे झाले असते.

कापड देणारे एक साहेब होते, पुण्याकडचे, नोकरीतून रिटायर झालेले. शाळेतल्या प्रत्येक पोराला गणवेश द्यायचं त्यांच्या मनात होतं. सरकारी गणवेश यायचा तेव्हा येतो; तोवर फाटक्या कपड्यात शाळेत जायची लाज वाटून निम्मी पोरं शेळ्यांमागं पळतात, हे त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. ते खरंही होतं. पण साहेब तयार गणवेश देत नव्हते. आधी एका गावात दिलेले तयार गणवेश आठ दिवसांत कुठं गडप झाले ते त्यांना कळलं नव्हतं म्हणे. म्हणून या वेळी कापड, आणि शिवायला गावातलीच टेलर. म्हणजे मी.

गावात मशीन माझं एकटीचंच आहे असं नाही. पण मी शिवलेला ब्लाऊज घालून बाई विहिरीत पडली तर बाई बुडेल, शिवण उसवणार नाही, अशी माझी ख्याती होती. ही ख्याती मीच पसरवली होती, पण पसरली होती हे खरं.

टेम्पो गेला आणि पारावर तर्क सुरू झाले.

"उभा राहनार आसंल इलेक्शनला."

"हितनं? त्याचं मतदान पुन्यात."

"मग जमीन बघायला आलाय. पोराच्या अंगावर कापड टाकायचं आन् बापाच्या सातबाऱ्यावर डोळा ठिवायचा."

"मी म्हंतो, छातीचं माप कशापायी घ्यायचं? आतलं काय काढायचं आसल्याबिगर कोन छाती मोजतं का?"

हे शेवटचं पारावरच्या म्हातारबुवांनी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी चार आयांनी पोरांना मामाच्या गावाला पाठवलं. मी वरवर हसले, पण माझ्याही मनात पाल चुकचुकली. एवढं चांगलं कापड! बोटानं चोळून बघितलं, जाळून बघितलं, जिभेला लावून बघितलं. खोट सापडेना. खोट सापडली नाही की मला जास्त भीती वाटते.

साहेबांनाही माझ्यात खोट सापडेना, म्हणून तेही अस्वस्थ. माझ्या दुकानात बसून त्यांनी चहा घेतला आणि माझ्या कात्रीकडं असं बघितलं, जणू ती दारू पिऊन आली आहे.

"बाई, एक अट आहे," ते म्हणाले. "कापलेली एकेक चिंधी मला परत पाहिजे. कापड दुकानातल्या काट्यावर मोजून दिलंय. गणवेश आणि चिंध्या मिळून तेवढंच वजन परत भरलं पाहिजे."

"साहेब, दोऱ्याचं वजन वाढंल की."

"तेवढं सोडतो."

"बटनांचं?"

"बाई, मी चाळीस वर्षं गोदाम सांभाळलंय."

मला असा संताप आला की त्या दिवशी पाय न लावता मशीन चाललं. पण अट मान्य केली.

मापं शाळेच्या ओट्यावर घेतली. आमच्याकडं कपडा पोराच्या आजच्या अंगाला शिवत नाहीत. दुसरीतल्या पोराची आई सांगते, "पाचवीपर्यंत पुरंल आसा करा." मग आत मोठी दुमड घालायची, दरवर्षी थोडी सोडायची. फ्रॉक पायांत येतो, बाह्या कोपराखाली लोंबतात, पोर चालताना तंबू चालल्यासारखं दिसतं. पण आई समाधानी. आणि प्रत्येक आई वर हेही सांगते की दुमड मशीननं दुहेरी मारा, उसवली तर बघा.

सगळ्यात शेवटी टेकडीवरच्या वस्तीतली एक बाई आली, कडेवर तान्हं पोर घेऊन. ती वस्ती ऊसतोडीला जाणाऱ्यांची. दिवाळी झाली की कोयते बांधून टोळ्या निघतात, श्रीरामपूरच्या पुढं फडावर जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात.

"पोरगी कुठंय?" मी विचारलं.

"शेळ्यांमागं गेली."

"मग माप कुनाचं घिऊ, शेळीचं?"

"मी आनलंय की माप." तिनं पदरातून सुतळी काढून माझ्या मांडीवर टाकली. सुतळीला गाठी होत्या. खांद्यापासून गुडघ्याखालपर्यंतची एक गाठ. आणि तिच्या पुढं चार बोटांवर आणखी एक.

"ही दुसरी गाठ कसली?"

"वाढीची."

"चार बोटं? आगं पोरगी हाय का गवत?"

"लई झपाट्यानं वाढती, काकू. आन् एक करा. खालची दुमड मशीननं मारू नगा. कच्चा टाका टाका नुसता. मी घरी बघीन."

इथं माझी टेप हातातून गळाली. इतकी वर्षं मशीन चालवते, पण काम कच्चं करा म्हणून सांगणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. शिवण उसवायची सोय आधीच मागून ठेवणारं माणूस सरळ नसतं, हे कुठलाही टेलर सांगेल. मी मान हलवली, कच्चा टाका घातला आणि त्या बाईचं तोंड ध्यानात ठेवलं.

गणवेश वाटले गेले. चिंध्यांचं गाठोडं वजन करून साहेब घेऊन गेले. जाताना सांगून गेले की ऑगस्टमध्ये परत येतो, प्रत्येक मुलाचा त्याच्या गणवेशात फोटो काढणार आणि मापही बघणार.

शाळेत त्याच जूनमध्ये नव्या मॅडम बदलून आल्या होत्या. एका खोलीत चार इयत्ता, एका घशात चार धडे. पंधरा दिवसांनी त्या ब्लाऊज टाकायला माझ्याकडं आल्या आणि स्टुलावर बसून म्हणाल्या, "काकू, वस्तीवरची एक मुलगी मला कळतच नाही. काल सतराचा पाढा धडाधड म्हटला. आज सातात अडकली. काल वर्गाला बोलू देत नव्हती, आज तोंडातून शब्द नाही. मला वाटतं कुणीतरी मागून सांगतं तिला. कॉपी करते पोरगी."

"कुनाची मुलगी?"

त्यांनी सांगितलं. कच्च्या टाक्यावालीची.

माझं दुकान शाळेच्या रस्त्यावरच. दुसऱ्या दिवसापासून मी मशीनवर कमी आणि दारात जास्त. सोमवारी ती पोरगी गेली, तेव्हा फ्रॉकची दुमड सोडलेली, काठ पोटरीवर. मंगळवारी तीच पोरगी, तोच फ्रॉक, पण दुमड वर घेतलेली, चार बोटं. बुधवारी पुन्हा खाली. तिला हाक मारून जवळ बोलावलं, केसातली लाल रिबीन सरळ करायच्या निमित्तानं खाली वाकले आणि काठ बघितला. सुईच्या भोकांनी कापडाची चाळण झालेली. रोज उसवून रोज धावदोरा घातलेला होता आणि तो हात माझा नव्हता.

मी तर्क लढवले. फ्रॉक भाड्यानं फिरतोय? दुपारपर्यंत एका पोरीला, मग दुसऱ्या गावात? साहेबांचं खरं होतं तर. की बाई काही करणी करते? यातलं एकही मला पटलं नाही, म्हणून मी ते फक्त एकाच गिऱ्हाइकाला सांगितलं, तेही शपथ घालून.

संध्याकाळपर्यंत गावात झालं की वस्तीवरची पोरगी एक दिवस वाढते आणि एक दिवस आटते. दुसऱ्या दिवशी ती देवळाजवळच्या लिंबाएवढी झाली होती. पाहिलेली माणसं मला स्वतः येऊन सांगून गेली. तिसऱ्या दिवशी आया आपल्या पोरांना तिच्याजवळ बसू देईनात.

चौथ्या दिवशी पोरगी शाळेत आली नाही. पाचव्याही नाही. आठवडा गेला.

मी स्वतःला सांगितलं, चला, चोर उघडा पडला. पण रोज सकाळी मशीन थांबवून मी रस्त्याकडं बघत बसे. शेवटी एका दुपारी टेप गळ्यात टाकून वस्तीकडं निघाले. पकडायलाच निघाले होते, उगाच साळसूदपणा कशाला.

टेकडीच्या उतारावर शेळ्या चरत होत्या. बाभळीआड उभी राहिले. माझ्यासारखी बाई बाभळीआड मावत नाही, पण पोरींचं लक्ष नव्हतं. हो, पोरी. दोन होत्या. एकच नाक, एकच कपाळ, त्याच रिबिनी. एक दुसरीहून चार बोटं उंच. दगडावर पुस्तक उघडं होतं आणि मोठी धाकटीला सांगत होती, "मॅडमनी हितपरेंत घेतलं हुतं. तू गेलीस तर हितनं म्होरं ऐक. आन् भागाकार नीट बघून ये, मला दुसऱ्या दिशी लागंल." कारखान्यात पाळी बदलताना मशीनवरचा माणूस पुढच्या माणसाला सांगतो ना, अगदी तसं.

"काय बघता, काकू? कापड मोजायला आलाव?"

मागं त्या पोरींची आई उभी होती. तान्हं पोर कडेवर, हातात कोयता. सरपण तोडायला गेली होती म्हणे, पण त्या वेळी मला ते कळायला मार्ग नव्हता.

"दोघी तुझ्याच?" मी विचारलं.

"न्हाई, येक भाड्यानं आनली." मग ती खाली बसली. "तुमी गावभर सांगितलं, आमच्या पोरीला भूत केलं. आता हे बी सांगा जावा."

मी काहीच बोलले नाही. माझ्या आयुष्यात असं तीनदा झालंय आणि त्यातल्या दोन वेळा मला घटसर्प होता.

मग तिनंच सांगितलं. मोठीचं नाव तिकडं उसाच्या पट्ट्यातल्या एका शाळेत घातलं होतं. टोळीला दुसऱ्या फडावर जायचा सांगावा आला, रात्रीत पालं उचलली, शाळा सोडल्याचा दाखला काढायचा राहिला. इथं परतल्यावर कुणीतरी सांगितलं की दाखल्याबिगर शाळेत घेत नाहीत. तिनं शाळेत जाऊन विचारलं नाही. विचारलं आणि तिथं मोठी सापडली, तर धाकटीचंही नाव कापतील, ही भीती. मग एकाच नावावर दोघी. एक दिवस एक शाळेत, दुसरी शेळ्यांमागं. फ्रॉक एकच, म्हणून कच्चा टाका.

"दोघी शिकत्यात. कुनाचं काय गेलं?"

"आन् दिवाळीनंतर?"

तिनं कोयत्याचं टोक मातीत रोवलं. दिवाळीनंतर काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. आईबाप टोळीबरोबर गेले की मागं राहिलेल्या पोरांचं जेवणखाण, राहणं शाळेतच होतं. पण पटावर नाव असेल त्यांचंच.

"नाव हाय ती ऱ्हाईल," ती म्हणाली. "दुसरी माझ्यासंगं उसात. तान्ह्याला धरायला कुनीतरी लागतंच की."

कोण राहणार हे ठरलेलं होतं. नाव धाकटीचं होतं. सतराचा पाढा मोठीचा होता. मोठी आमचं बोलणं ऐकत होती आणि पुस्तकाचं पान हातानं दाबून धरत होती. वारा नव्हता.

"साहेब यायच्या दिवशी दोघींना पाठव," मी म्हणाले. "दुसरा फ्रॉक मी शिवते."

"कापड कुठनं आनाल? मोजून दिलंय म्हनं."

आता इथं मला थोडं मागं जावं लागणार. चिंध्यांचं गाठोडं काट्यावर न्यायच्या आधी मी त्यावर पाणी शिंपडलं होतं. इस्त्रीला शिंपडतो तसं. खरं सांगायचं तर बादलीत बुडवून पिळलं होतं, आणि पिळताना हात जरा सैल ठेवला होता. काट्यावर वजन असं चोख भरलं की दुकानदारानं मला हात जोडले. साहेबांनी गाठोडं चाचपलं. "ओल्या कशा या?"

"पावसाळी हवा, साहेब."

त्यांनी वर बघितलं. आभाळ निरभ्र होतं, तीन आठवडे थेंब नव्हता. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघत होते.

तर माझ्या पलंगाखाली चांगलं कापड पडून होतं. त्या बाईला मी एवढंच म्हणाले, "हाय माझ्याजवळ."

तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "आन् बदल्यात काय घ्याल?"

"काय न्हाई."

"मग नगंच," ती म्हणाली. तिची समजूत घालायला मला अख्खी दुपार लागली. शेवटी मी तिच्याकडून एक शेर शेंगा कबूल करून घेतल्या, तेव्हा कुठं तिला माझ्यावर विश्वास बसला. पण तिनं अट घातली, मॅडमना आधी काही सांगायचं नाही. आधी कळलं की आधी कापतील.

साहेब आले. गळ्यात कॅमेरा, हातात यादी. मुलं ओट्यावर रांगेत बसली. आया भिंतीला टेकून, म्हातारबुवा फाटकाबाहेर, कुणाचं काही काढून नेतात का ते बघायला. साहेब नाव वाचत, पोर उभं राही, ते काठ ओढून बघत, फोटो काढत. मग त्यांनी धाकटीचं नाव वाचलं.

दोघी उठल्या. दोघींनी एका सुरात "हजर!" म्हटलं. सवयच होती ती.

अख्खी शाळा हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी यादी बघितली, फ्रॉक बघितले. मोठीच्या फ्रॉकचा काठ उलटून त्यांनी माझी दुहेरी शिवण नखानं खरवडली.

"बाई. हा जास्तीचा फ्रॉक कुठून आला?"

"धुतल्यावर कापड पसरलं, साहेब. त्यातनं निघाला."

"कॉटन आटतं."

"आमच्या पान्यानं पसरतं."

कुणी हसलं नाही. दारात त्या पोरींची आई उभी होती आणि तिनं मोठीला खुणावलं होतं, चल. मोठीनं एक पाय मागं घेतला. ती गेली असती तर सरळ दिवाळीनंतरच्या फडावरच गेली असती, मध्ये दुसरं काही नव्हतं.

"चिंध्या ओल्या होत्या," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, कारण हळू आवाज मला येत नाही. "मी भिजवल्या हुत्या. कापड मी ठिवून घेतलं. पोरीचा काय दोष न्हाई."

गावासमोर ते वाक्य म्हणायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तीन शर्ट शिवून झाले असते. आणि साहेबांचा चेहरा! रागावतील म्हणून मी कान बंद केले होते, पण ते उजळले. इतके दिवस शंका घेऊन हिंडणाऱ्या माणसाला ती खरी ठरल्यावर जो आनंद होतो, तो मी प्रथमच जवळून बघितला.

"मला वाटलंच होतं!" ते म्हणाले. "वाटलंच होतं मला! पुढच्या वर्षी चिंध्या दोन दिवस उन्हात वाळवून मोजायच्या. एवढंच कापड होतं?"

"एवढंच," मी म्हणाले. उशीचा एक अभ्रा त्यांच्या कामाचा नव्हता.

मॅडमचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. त्या दोघी पोरींसमोर उकिडव्या बसल्या होत्या. "सतराचा पाढा कुणाचा?"

मोठीनं हात वर केला.

"आणि सातात अडकणारी?"

धाकटीनं अर्धा हात वर केला. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि खाली तोंड करून हसल्या. मग आईकडं वळल्या, तशी आईच आधी बोलली, "मोठीला न्हेते मी, म्याडम. धाकटीचं नाव तेवढं कापू नगा. पाया पडते."

"कशाला नेता? बसू दे तिला."

"दाखला न्हाई तिचा."

"दाखला नाही म्हणून मुलीला बाहेर ठेवता येत नाही, ताई. तिकडच्या शाळेकडून मी मागवून घेईन. नाव आज घालते."

"आज?"

"आत्ता."

"काय द्यायचं?"

"काही नाही."

"मग तुमी कशापायी करता?" आईनं विचारलं. मॅडम पेन शोधायला लागल्या. मला विचारलं असतं तर मी शेंगा सांगितल्या असत्या.

हजेरीचं पुस्तक आणलं. आई आत येऊन टेबलाशी चिकटून उभी राहिली, पेनाच्या टोकावरून नजर हलवली नाही. मॅडमनी लिहिलं.

"काय लिव्हलं?"

मोठीनं वाकून वाचलं. आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव.

"तू गप. तुला पायजेलच हाय तसं. धाकटे, तू वाच."

धाकटीनं बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं. मध्ये दोनदा थांबली. तेच नाव निघालं.

"मी वाचून दाखवू का?" मी म्हणाले.

"तुमी नगा, काकू. तुमी कायबी वाचाल."

मोठी वर्गात चौथीच्या ओळीत जाऊन बसली, धाकटी तिसरीच्या. साहेबांनी दोघींचे वेगवेगळे फोटो काढले. आईनं बाळ या कडेवरून त्या कडेवर घेतलं, मोठीच्या दप्तराला टेकवून ठेवलेली शेळ्यांची काठी उचलली आणि बाहेर पडली. पण वस्तीकडं गेली नाही. मधली सुट्टी होईपर्यंत ती वर्गाच्या खिडकीशी उभी होती, आपली पाठ वळल्यावर मॅडम ते नाव खोडतात की काय, ते बघत.